एका खाटेमागे एक माणूस

२ सप्टेंबर

आज पोळा. निम्मा स्टाफ बैल सजवायला गावाकडे गेला आणि उरलेला निम्मा कामावर आल्याचे उपकार दिवसभर माझ्यावर चढवत होता. गर्दी मात्र रोजच्याइतकीच. बाळंतिणींच्या वॉर्डात गेले तर एका खाटेखाली एक बाई घोरत पडलेली, दुसरी खिडकीच्या गजांवर लंगोट वाळत घालणारी, तिसरी खाटेवर मांडी ठोकून लसूण सोलणारी. मी विचारलं, "यात पेशंट कोण आहे?" लसूणवाली म्हणाली, "मीच व्हय ना बाई. तुमाले कोन पाह्यजे?"

पुण्यात दोन वर्षं हॉस्पिटल अ‍ॅडमिनिस्ट्रेशन शिकले, एका मोठ्या दवाखान्यात सहा महिने इंटर्नशिप केली, ते या लसणासाठी? मला इथे व्यवस्थापक म्हणून रुजू होऊन महिना झाला. संस्थेचे अध्यक्ष घनश्यामबाबू पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "मैत्रेयी, ऑक्टोबरात तपासणीवाले येऊन राह्यले. दर्जाचं सर्टिफिकेट भेटलं तं तुझी नोकरी पक्की. नाही भेटलं तं मी तरी काय करू?" तिकडे ढाणकीत, आमच्या गावी, आईनं गल्लीभर सांगून ठेवलंय की पोरगी दवाखाना चालवते. आता तो चालवून दाखवणं भाग आहे.

५ सप्टेंबर

ठरलं. एका खाटेमागे एक माणूस. त्याला फोटोचा पास, गळ्यात अडकवायचा, दुसऱ्याला देता येणार नाही. बाकीच्यांनी फाटकाजवळच्या टिनाच्या शेडमध्ये बसायचं. पास कुणाला द्यायचा यावर बराच विचार केला. मावशी, आत्या, शेजारीण असे सगळेच हक्क सांगतात आणि अडचणीच्या वेळी एकही सापडत नाही. म्हणून भरतीच्या कागदावर जो सही करेल, त्यालाच पास. जबाबदार माणूस एकच असला की गोंधळ होत नाही, हे आम्हाला पहिल्याच सत्रात शिकवलं होतं.

डॉक्टर मॅडम खूश. वॉर्डाच्या संगीता सिस्टर तर हात जोडून म्हणाल्या, "लय बरं होईन मॅडम. डोकं उठवते हे लोक. जरासं काही झालं की सिस्टर, सिस्टर." एकीलाच दोन वॉर्ड बघावे लागतात, बिचारी करणार तरी काय?

१४ सप्टेंबर

नियम सुरू होऊन आठवडा झाला. पहिले दोन दिवस फाटकावर नुसती रणधुमाळी होती. पण आमचा चौकीदार नेमसिंग खमका आहे. त्याला शिट्टी दिल्यापासून तो स्वतःला फौजदार समजतो. काल त्यानं घनश्यामबाबूंच्या मेहुण्यालाही अडवलं. मी वरवर रागावले आणि मनातून त्याला शाबासकी दिली.

वॉर्ड आता वॉर्डासारखा दिसतो. फिनाईलचा वास येतो, भाजीचा नाही. संगीता सिस्टर म्हणाल्या, दुपारी इतकी शांतता असते की पंख्याचा आवाज ऐकू येतो.

२७ सप्टेंबर

कॉलेजातल्या सरांचा फोन आला. वर्गात शिकलेलं प्रत्यक्ष कामावर कसं उपयोगी पडलं, यावर माजी विद्यार्थ्यांकडून एकेक अनुभव मागवताहेत. मी पासचं सांगितलं. सर म्हणाले, "उत्तम! आधीचे आणि नंतरचे फोटो पाठव." आधीचा आहे माझ्याकडे, खाटेखालच्या बाईसकट. नंतरचा काढायला हवा.

आनंद झाला हे कबूल करायला हरकत नाही. वर्गात मी मराठी शाळेतून आलेली म्हणून मागच्या बाकावर बसायचे.

८ ऑक्टोबर, दुपार

आज डोक्याला ताप. मुकुटबनकडच्या गावातली अपेक्षा नावाची मुलगी सकाळी बाळंत झाली. पहिलटकरीण, मुलगी झाली, सगळं सुरळीत. तिचा नवरा ऋतिक चाकणला कंपनीत आहे, म्हणून भरतीच्या कागदावर सासऱ्यानं सही केली आणि पासही त्याच्याच गळ्यात गेला. इथवर ठीक. मग सासू, इंदूबाई, थेट माझ्या केबिनमध्ये. "बाई, ते कारड मले द्या. थे मानूस बायांच्या खोलीत कसा बसन?" मी समजावलं की पास नावावर असतो, बदलला की सगळी व्यवस्थाच कोलमडते. ती म्हणाली, "म्या आंगठा मारतो ना!" आता अंगठ्यावर पास दिला तर उद्या अख्खं गाव अंगठे घेऊन दारात उभं राहील. मी नाही म्हटलं. ती दारातच बसकण मारायला लागली, तेव्हा नेमसिंगनं तिला गोड बोलून शेडमध्ये नेलं. अपेक्षाची आईही तिथेच होती, शेपूची भाजी आणि भाकरी घेऊन.

यांना वाटतं, आपली माणसं दिसली नाहीत तर पेशंटचं काही खरं नाही. सवय मोडायला वेळ लागणारच.

त्यानंतर राउंडला गेले तर सासरा, पुंडलिकराव, वॉर्डाच्या दाराबाहेर बाकावर ताठ बसलेला. धुतलेलं धोतर, टोपी, छातीवर पास. मला पाहून उठून उभा राहिला आणि नमस्कार केला. मागे लांबच लांब रिकामा व्हरांडा. सरांना हवा तसाच फोटो मिळाला. तो म्हणाला, "हसू काय?" मी म्हटलं, "नको, असेच बसा." सुरेख आलाय.

१० ऑक्टोबर

अपेक्षा गेली.

परवा डायरी मिटून मी चहा घेतला. तेवढ्यात वॉर्डातून संगीता सिस्टरची किंकाळी आली. पांघरुणाखाली सगळं रक्त. गादीतून झिरपून खाली आलेलं. चेहरा कागदासारखा. डॉक्टर मॅडम सकाळची ओपीडी आटोपून गेल्या होत्या. फोन केला, त्या धावत आल्या, सलाईनं लावली आणि यवतमाळला न्यायचं ठरलं. गाडीत सासरा पुढे बसला, अपेक्षाची आई आणि सासू मागे. पोचण्याआधीच संपलं.

बाळंतपणानंतर असं होतं, डॉक्टर मॅडम म्हणाल्या. हळूहळू वाहत राहतं. वेळेत कळलं तर बहुतेक वेळा आवरतं. संगीता सिस्टर पुरुष वॉर्डात फिट आलेल्या एका पेशंटपाशी अडकल्या होत्या. त्या भिंतीला टेकून एकच बोलत होत्या, "कोनी आवाजच देल्ला नाही मॅडम. कोनी आवाजच देल्ला नाही."

काल शवविच्छेदन, पोलीस, पंचनामा. मी सगळे कागद नीट लावून दिले. फौजदारसाहेब म्हणाले, इतक्या व्यवस्थित फायली पहिल्यांदाच पाहिल्या. हे मी इथे का लिहितेय, कळत नाही.

१२ ऑक्टोबर

दसरा. आई समाजाच्या गाडीनं नागपूरला दीक्षाभूमीवर गेली आहे. मी जाणार होते, पण घनश्यामबाबूंना मंगळवारी अहवाल हवा आहे.

आम्हाला शिकवलंय, काही बिघडलं तर माणसाला दोष द्यायचा नाही, पाच वेळा 'का' विचारत मुळाशी जायचं. केबिनमध्ये बसून तेच करतेय.

अपेक्षा का गेली? रक्तस्राव वेळेत कळला नाही म्हणून.
का कळला नाही? तिच्याजवळ कुणी नव्हतं म्हणून.
कुणी का नव्हतं? सोबतचा नातेवाईक दाराबाहेर बसला होता म्हणून.
तो बाहेर का बसला? सासरा सुनेच्या बाळंतपणाच्या खोलीत बसत नाही म्हणून.
मग सोबत सासराच का होता?

इथे नेमसिंग आपट्याची पानं घेऊन आला. "सोनं घ्या मॅडम." घेतलं. मग बाहेर मिरवणुकीचे ढोल सुरू झाले, काही सुचेना. चार 'का' पुरे आहेत. पुस्तकातही म्हटलंय की पाच हा काही पक्का आकडा नाही.

१५ ऑक्टोबर

मीटिंग झाली. घनश्यामबाबू, डॉक्टर मॅडम आणि मी. घनश्यामबाबूंनी आधीच ठरवलं होतं की संगीता सिस्टरना काढायचं. "ड्यूटी तिची होती. लोकायले कोनीतरी दाखवा लागते."

मला ते सहन झालं नाही. एकटी बाई दोन वॉर्ड धावतेय. मी म्हटलं, "सर, पासच्या नियमाचाही यात थोडा भाग असू शकतो."

घनश्यामबाबूंनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही, खरं तर मायेनं. "पोरी, सोमवारी तपासणीवाले येऊन राह्यले. तुझा तो नियम फायलीत पहिल्या पानावर आहे. त्याच्यानंच माणूस मेला असं आपण आपल्या हातानं लिहाचं काय? एक तं सिस्टर चुकली, नाही तं जो बाहेर बसला थो म्हतारा चुकला. सांग, काय लिहू?"

मी विचार केला. सिस्टरना दोन मुलं आहेत, नोकरी गेली तर त्यांचं कसं होणार? नातेवाइकाची नोकरी जात नाही. त्याला कुणी शिक्षाही करत नाही. कागदावरचं एक वाक्य, तेही फायलीत पडून राहणार. मी लिहिलं: 'सोबतच्या जबाबदार नातेवाइकाने रुग्णाजवळ थांबून तिच्या प्रकृतीची माहिती कर्मचाऱ्यांना वेळीच दिली नाही.' यात खोटं एक अक्षर नाही. सही केली.

बाहेर येऊन सिस्टरना सांगितलं की तुमची नोकरी वाचली. वाटलं, त्या रडतील, हात धरतील. त्यांनी विचारलं, "मंग कोनाचं नाव टाकलं?" मी सांगितलं. त्या मान खाली घालून औषधांचा ट्रे पुसत राहिल्या. माणसाचं भलं केलं तरी त्याला ते घेता आलं पाहिजे.

२२ ऑक्टोबर

तपासणी झाली. पथकातल्या बाई व्हरांड्यात थांबून म्हणाल्या, "ग्रामीण भागात इतकी शिस्त?" मृत्यूचा अहवालही मागितला. वाचून म्हणाल्या, विश्लेषण चांगलं केलंय. सर्टिफिकेट नक्की, असं घनश्यामबाबूंच्या कानात सांगून गेल्या.

सरांचा मेसेज आला, फोटो कधी पाठवतेस? मोबाईल उघडून पुंडलिकरावांचा तो फोटो पाहिला. ताठ बसलेत. मागे वॉर्डाचं दार अर्धवट उघडं, आतली खाट दिसते, पांघरुणाचा कोपरा दिसतो. मी केव्हा काढला होता हा? जेवण झाल्यावर. म्हणजे तेव्हा आत.

तेव्हा आत ती होती. मी दारापर्यंत गेले होते.

फोटो पाठवला नाही. सरांना लिहिलं, कामात आहे.

९ नोव्हेंबर

नोकरी पक्की झाल्याचं पत्र परवा मिळालं. आईनं ढाणकीत पेढे वाटले.

आज पुंडलिकराव आले. मी ओळखलंच नाही. दाढी वाढलेली, टोपी नाही. नेमसिंगनं शिट्टी न वाजवता आत सोडलं. मला वाटलं, भांडायला आले. पण त्यांनी नमस्कार केला आणि खुर्चीवर न बसता जमिनीवर बसायला लागले. बळेच खुर्चीवर बसवलं.

"मॅडम, मी कंप्लेंटीले नाई आलो," ते म्हणाले. "मले एक इचाराचं होतं. तुम्ही शिकलेल्या आहा, तुम्हीच सांगसान. मी आत जाऊन काय कराले पाह्यजे होतं?"

मी टेबलावरचे कागद सारखे केले.

"तुमचे घनश्यामबाबू आलते घरी, सांत्वनाले. त्याईनं चार मानसाइत तो कागद वाचून दाखवला. जबाबदार नातेवाइकानं सांगतलं नाही म्हणे. तवापासून ऋतिक माह्याशी बोलत नाही. नोकरी सोडून घरी बसला. लेकरू माह्या मांडीवर देऊ देत नाही. गावातले बी म्हणते, म्हतारा बाहेर बसून राह्यला अन् सून मेली." त्यांनी खुर्ची पुढे ओढली. मग हळू आवाजात म्हणाले, "मी दारातून इचारलं होतं मॅडम. दोनदा इचारलं. बाई, काही लागते काय? तिनं मले पाह्यलं, तसा डोक्यावर पदर घेतला अन् मान हालवली. नाही म्हने. मले वाटलं, किती संस्कारी पोरगी आहे. इतकी थकली तरी पदर इसरली नाही. सुनेच्या अंगावरचं पांघरून म्या उचलून पाहाचं होतं काय? तुम्ही सांगा. तसं पाहाचं असते काय?"

मी म्हटलं, "नाही. तुमचं काही चुकलं नाही."

"मंग एवढंच ऋतिकले सांगा ना. माह्यं तो आयकत नाही. तुमचं आयकन. तुम्ही मोठ्या मॅडम आहा."

येते म्हटलं. ते गेले. दोन वर्षांत आम्हाला गर्दी म्हणजे काय ते शिकवलं. तिची घनता, तिचे धोके, तिच्यामुळे होणारा संसर्ग, तिला वळवायच्या रांगा. त्या गर्दीतली एक बाई पांघरूण उचलून बघते, हे कोणत्याच धड्यात नव्हतं. मीही विचारलं नाही. सिस्टरना हाक कोण मारत होतं, तर तीच खाटेखाली झोपणारी बाई. ती आमच्या पगारावर नव्हती, म्हणून मला दिसली नाही.

मी मारलं तिला. असं लिहून पाहिलं. खोडणार नाही.

१७ नोव्हेंबर

आज रविवार. कुणाला न सांगता मुकुटबनच्या बसमध्ये बसले. फाट्यावर उतरून गावात चालत गेले. शेतात कापसाची वेचणी चाललेली, त्यामुळे गावात फक्त म्हातारे आणि कुत्री. पुंडलिकराव ओट्यावर बसले होते. मला पाहून धडपडत उठले आणि आत ओरडले, "ऋतिक, मॅडम आल्या रे! आल्या पाहा!" त्या आवाजातला आनंद मला ऐकवेना.

इंदूबाईंनी पाणी दिलं. मांडीवर बाळ होतं, तेल लावून चोपडलेलं, काजळ घातलेलं. त्यांनी मला ओळखलं. बाळाचं तोंड पदरानं झाकलं.

ऋतिक बाहेर आला. माझ्याच वयाचा. मी बसमध्ये सगळी वाक्यं जुळवली होती, ती एकही आठवली नाही. मी सरळ सांगून टाकलं. "तुमच्या बाबांची चूक नाही. पासचा नियम माझा होता. तुमच्या आईनं पास मागितला होता, मी दिला नाही. त्या आत असत्या तर कदाचित अपेक्षा वाचली असती."

तो ओट्याच्या कडेला बसला. मग म्हणाला, "मंग कागदावर असं काहून लिहिलं? अध्यक्ष म्हणे, मॅडम पुण्याहून याचंच शिक्षण घेऊन आल्या, त्यायनं तपास करून लिहिलं. तुमचीच सही आहे ना?"

"हो."

"म्हणजे कागदावर एक अन् तोंडी एक."

"तोंडी सांगतेय ते खरं आहे."

"मॅडम, तुम्ही आज सांगून चालल्या जासान. गावात सगळ्यायनं तो कागद आयकला. बाबा देवळात गेले तं लोक उठून जाते. तुमचं तोंडचं मी कोनाले आयकवू?" तो रागावलेला नव्हता. रागावला असता तर बरं झालं असतं. "जे खरं आहे ते लिहून द्या. आत्ता. खाली सही करा. मी स्वता चार मानसाइत वाचून दाखवतो."

घरातली वही आणि पेन त्यानं आणून माझ्यासमोर ठेवलं. इंदूबाई बाळाला थोपटायच्या थांबल्या. पुंडलिकराव माझ्याकडे बघत होते, परीक्षेचा निकाल ऐकायला आलेल्या मुलाच्या बापासारखे.

मी पेन उचललं. मला सर्टिफिकेट दिसलं, पोलिसांची फाईल दिसली, सर्टिफिकेट रद्द झाल्याची बातमी दिसली, ढाणकीत वाटलेले पेढे दिसले. लिहायची होती दोनच वाक्यं. इथल्या कुणापेक्षाही मला ती नीट लिहिता आली असती.

"वर विचारून सांगते," मी म्हणाले.

माझ्या तोंडून ते इतक्या सहज आलं की मलाच नवल वाटलं. तक्रार घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगते.

ऋतिकनं वही उचलली आणि आत निघून गेला. पुंडलिकराव म्हणाले, "बरोबर आहे, बरोबर आहे. इचाराच लागते. कायद्याचं काम आहे." मग चप्पल पायात सरकवून ते मला फाट्यावर सोडायला निघाले. नको म्हटलं तरी ऐकेनात. रस्त्यात दोनतीन माणसं भेटली, त्यातल्या कुणी त्यांना रामराम घातला नाही. ते मात्र प्रत्येकाला थांबवून सांगत होते, "दवाखान्याच्या मॅडम आहेत. आमच्या घरी आलत्या."